पाणी दाखवणाऱ्याचा फेटा

लिंबाजी भावजी माझे चुलत दीर. अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे, लांब आणि वाळके. बोलताना समोरच्याकडं न बघता पाण्याकडं बघायची त्यांना सवय. येलदरीच्या धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की एका जागी नजर लावत आणि सोबत असेल त्याला सांगत, "ते तिकडं बगा. तिथं आमचा लिंब हाय. त्याच्या पल्याड सितारामाचं घर." सिताराम म्हणजे त्यांचे वडील. लिंब नव्हता, घर नव्हतं, सिताराममामंजीही नव्हते. जुनं गाव धरणात गेलं त्याला बरीच वर्षं झाली होती आणि नवं गावठाण काठावर, उन्हात, ओळीत बसवलेलं होतं. पण भावजींनी त्या गावाला 'होतं' कधी म्हटलं नाही. ते 'हाय'च म्हणत.

आमचे हे, माणिकराव, धरणाच्या कचेरीत कारकून. मी पालमची. लग्न होऊन धरणाच्या वसाहतीत आले तेव्हा माझ्या चुलत सासूबाई, म्हणजे भावजींच्या आई सरजाबाई, मला न्याहाळून म्हणाल्या होत्या, "बीए झालेली सून हाय. पवायला येतं का?" मी नाही म्हटलं. "मग काय शिकवलं तुला?"

पोहणं ही त्यांच्या गावात साधी गोष्ट नव्हती. पूर्णेच्या काठचं गाव. लेकराच्या पाठीला वाळका भोपळा बांधून मोठं माणूस त्याला डोहात सोडायचं. ह्याला म्हणायचे पाणी दाखवणं. पाणी दाखवणाऱ्यानं पैसा घ्यायचा नाही. पण ज्या दिवशी लेकरू भोपळ्याशिवाय डोह पार करी, त्या दिवशी त्यानं ओल्या हातानं आपल्या उस्तादाला फेटा बांधायचा आणि काठावर जमलेल्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "मला पाणी अमक्यानं दाखवलं!" सांगून-विचारून फेटा बांधायचा नाही, अचानक बांधायचा. त्यातच त्याची इज्जत.

छप्पन्न साली आमच्या लोकांनी धर्म बदलला. नवस गेले, जत्रा गेल्या, अंगात येणं गेलं. हा फेटा ठेवायचा का सोडायचा, ह्यावरही तेव्हा बैठक झाली म्हणे. सरजाकाकू बायकांमधून उठून बोलल्या होत्या, "ह्याच्यात देव कुठं हाय? माणूस हाय. माणसाला कामून सोडायचं?" फेटा राहिला. तांबड्याचा पांढरा झाला, एवढंच.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात धरणाच्या दारांचं पाण्याखालचं काम निघालं. मुंबईच्या एका ठेकेदारानं ते घेतलं आणि त्याच्याकडून पाणबुड्या म्हणून आला चंद्रभान. मुंबईहून आला तरी गडी इकडचाच, पूर्णा जंक्शनचा. बाप रेल्वेत, हा काही वर्षं नौदलात होता, तिथंच पाण्याखालचं काम शिकला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायात बदकासारखे पंजे. गावठाणातली माणसं त्याला बघायला भिंतीवर गर्दी करत. टाकीला सगळे हंडा म्हणू लागले. सरजाकाकूंनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "लोक पाणी आणायला हंडा घेऊन जातेत. हा हंडा घेऊन पाण्यातच राहायला चाललाय."

नाव वल्हवायला आणि दोरी धरायला ठेकेदारानं भावजींना रोजंदारीवर घेतलं. चंद्रभान खाली गेला की त्याच्या कमरेची दोरी वर नावेत भावजींच्या हातात. खालून हिसडा आला की ओढायचं. खाली काय चाललंय ते दिसत नाही, ऐकू येत नाही, जे काही कळायचं ते दोरीतून.

"त्याचा जीव माझ्या मुठीत ऱ्हातो, वैनी," भावजी मला सांगत. "मूठ घामेजती. पण सोडत न्हाई."

"घरी पाळण्याची दोरी धरा म्हणलं की हात दुखतेत ह्यांचे," केशरबाई, माझी जाऊ, आतून म्हणायची.

चंद्रभान दुपारचं जेवण आमच्याकडं घेऊ लागला. गोड माणूस. ताट स्वतः उचलायचा, मिरचीचा ठेचा मागून घ्यायचा, आमच्या सगुणाला पायातले पंजे घालून चालायला लावायचा. दारातून वाकून आत आला की, "जयभीम, वैनी." पण हेच गृहस्थ कचेरीसमोर, चार माणसांत भेटले की "नमस्कार". आमच्या ह्यांनी जयभीम घातला तरी उत्तर नमस्कारच. मी ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "ठेकेदाराकडची नोकरी. सांभाळून राहत असेल बिचारा. तू कशाला एवढं बघतेस?" बघत नव्हते, दिसत होतं.

शिकवायचं त्यानंच काढलं. भावजींनी मागितलं नव्हतं. एक दिवस नावेतच म्हणाला, "लिंबाजी, येतोस का खाली?" जिंतूरच्या बाजाराच्या दिवशी ठेकेदाराची बाकीची माणसं बाजाराला जात. त्या दुपारी हे दोघं दोन हंडे घेऊन, पाणी टेकड्यांत शिरलं होतं त्या लांबच्या कुशीत नाव नांगरत. एकच अट होती. "कुणाला सांगायचं नाही. टाक्या कंपनीच्या, हवा कंपनीची."

भावजींनी त्याच संध्याकाळी आईला, बायकोला आणि मला सांगितलं.

"अहो भावजी, कुणाला सांगायचं नाही ना?"

"मग? घरचे म्हणजे कुणी व्हय?"

पहिल्या दिवशी ते घाबरून वर आले होते. "समदी जिंदगी पाण्यात दम धरायला शिकलो. आन् हा म्हणतो, दम धरू नको, सोड. खाली तोंड उघडं ठिवून श्वास घ्यायचा म्हणजे काय थट्टा हाय? छाती ऐकंना. त्यानं हात धरला, डोळ्याला डोळा लावला, आन् सोताचा श्वास हळूहळू करून दाखवला. लेकराला चालायला शिकवतेत तसं. मग जमलं."

महिनाभरात त्यांचं चालणं बदललं. खांदे मागं गेले. केशरबाई म्हणाली, "हंड्याचं वजन हाय ते. दुसरं काई न्हाई." पण तीसुद्धा त्यांच्या ताटात आधी वाढू लागली.

एका बाजाराच्या दिवशी ते आमच्या अंगणात येऊन बसले. केसांतून पाणी गळत होतं. सरजाकाकू माझ्याकडं शेंगा फोडायला आल्या होत्या. भावजी कुणाकडंच न बघता म्हणाले, "आज गावात जाऊन आलो."

"कोणत्या?" मी विचारलं.

"आपल्या."

त्या उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं होतं आणि जुन्या गावाचा वरचा भाग फार खोल राहिला नव्हता. चंद्रभाननं त्यांचा हात धरून नेलं. खाली गढूळ अंधार. हातानंच बघायचं. भिंतीचा दगड लागला, मग एक उंबरा, मग आडाचा ओटा. गावाच्या पाण्याचा आड. भावजींच्या लहानपणी आमची माणसं त्या आडापासून लांब, चिंचेखाली घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाई. ओट्याला पाय लावायचा नाही.

"बसलो ओट्यावर," भावजी म्हणाले. "मांडी घालून. चंद्रभान बाजूला थांबला व्हता. त्याला वाटलं मला काई झालं. मी म्हणलं हातानं, थांब जरा. कुणी ऊठ म्हणलं न्हाई, वैनी."

सरजाकाकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"शेवाळ असंल," त्या म्हणाल्या.

"लय."

"घसरला न्हाईस ना?"

"न्हाई."

मग त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या. थोड्या वेळानं तशाच पाठमोऱ्या बोलल्या, "त्याला फेटा बांधायचा, लिंबाजी. तुझ्या बापानं, आज्यानं तुला वरचं पाणी दाखवलं. ह्यानं खालचं दाखवलं."

काम संपत आलं तसा चंद्रभान आणखी एक गोष्ट बोलून गेला. धरणाला आता कायमचा पाणबुड्या ठेवणार, आणि कुणाला ठेवायचं ते ठेकेदार कंपनीच्या मुंबईच्या साहेबाच्या शिफारशीवर ठरणार. "तुझं नाव मी साहेबाच्या कानावर घालतो. तुझ्यासारखा दुसरा कोण आहे इथं?" रोजंदारीच्या माणसाला कायमची नोकरी, वर राहायला पक्कं क्वार्टर. केशरबाई वसाहतीतून येता-जाता रिकाम्या क्वार्टरच्या खिडकीत डोकावू लागली. "चूल ह्या कोपऱ्यात बरी का त्या?" असं मला दोनदा विचारून झालं. भावजी मात्र त्या गोष्टीवर फार बोलत नसत. बोलले तर दृष्ट लागेल, अशा थाटात गप्प. पण रोज दाढी करू लागले होते.

शेवटच्या दिवशी साहेब पाहणीला येणार होता. त्याच दिवशी फेटा बांधायचं सरजाकाकूंनी ठरवलं. साहेब असेल, कचेरी असेल, गावठाण असेल. ह्याहून मोठे चारचौघे कुठले? भावजी जिंतूरहून पांढरं मलमलीचं कापड घेऊन आले. केशरबाईनं त्याला खळ दिली, मी घड्या धरल्या. घड्या धरता धरता मी म्हटलं, "भावजी, त्यांना एकदा विचारावं का? ते कुणाला सांगू नका म्हणाले होते."

"ते शिकायलो तवा म्हणले व्हते, वैनी. आता शिकून झालं."

"तरी पण. साहेब असेल समोर. टाक्या कंपनीच्या..."

"आवं, विचारून फेटा बांधतेत व्हय? मग तो मान कसला, मागून घेतल्यावानी झालं."

सरजाकाकू माझ्यावर घसरल्या. "ज्याच्याकडून शिकला त्याचं नाव झाकून ठिवायचं? चोरी केली का त्यानं? बीए झाली तरी तुला एवढं कळंना!"

मला कळत होतं ते एवढंच, की ज्या माणसाला दाराबाहेर जयभीम जड जातो, त्याला हा फेटा पेलेल का. पण समोर त्या तिघांचे चेहरे असे होते, जणू लेकराचं बारसं आहे.

सकाळी भिंतीवर साहेबाची जीप आली. साहेब तरुणच, पांढऱ्या पँटीतला. कचेरीतली माणसं, ठेकेदाराची माणसं, गावठाणातली बायकापोरं. चंद्रभान शेवटची बुडी मारून वर आला. दोरी भावजींनीच धरली होती. चंद्रभान भिंतीवर चढून, काच काढून साहेबाला काहीतरी समजावत होता. साहेब मान हलवत होता. सगळं चांगलं चाललं होतं. तेवढ्यात भावजी पाण्यात हात बुडवून आले, मागून त्याच्या डोक्यावर मलमलीचं टोक ठेवलं आणि फेटा बांधायला लागले.

चंद्रभान दचकला. "अरे, हे काय?"

"गप ऱ्हावा, उस्ताद."

लोक हसले. साहेबही हसला. फेटा बांधून झाला, भावजी दोन पावलं मागं सरले, छाती भरून घेतली आणि ओरडले, "मला पाणी चंद्रभाननी दाखवलं! पूर्ण्याच्या चंद्रभाननी! त्यांच्या हंड्यावर मी आमच्या गावच्या आडावर जाऊन बसून आलो! जयभीम, उस्ताद!"

गावठाणातून जयभीमचा मोठा आवाज उठला. सरजाकाकू टाळ्या वाजवत होत्या.

साहेब हसतच होता, पण त्यानं विचारलं, "हंड्यावर म्हणजे? टाकी लावून हा खाली गेला होता? आपली टाकी?"

सरजाकाकूंच्या टाळ्या थांबल्या.

"चंद्रभान, ह्याला तुम्ही खाली नेलं होतं? काही झालं असतं तर? कंपनीचं नाव गेलं असतं." आवाज चढला नव्हता, पण हसू उतरलं होतं.

चंद्रभानच्या कपाळावर फेट्यातलं पाणी ओघळत होतं. त्यानं एकदा भावजींकडं बघितलं. मग म्हणाला, "साहेब, मी ह्याला काही शिकवलं नाही. नावेवर ठेवला होता, तेवढीच ओळख. माझ्या मागं सामान काढत असेल. मला काय माहीत?"

भावजींच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. तेच मला अजून दिसतं. ऐकलेलं आत पोचेपर्यंत ते तसंच राहिलं, दुसऱ्या कुणाचं चुकून तोंडावर राहावं तसं.

"ए बेइमाना!" केशरबाई गर्दीतून ओरडली. "माझ्या जावंच्या घरी भाकरी खाऊन तू हे बोलायलास? सांगा की हो तुमी! गप कामून उभे ऱ्हायलेत?"

साहेबानं भावजींना विचारलं, "काय रे? खरं काय?"

भावजींना सांगता आलं असतं. कोणत्या दुपारी, कोणत्या कुशीत, दम कसा सोडायला शिकवलं. मीही साक्ष दिली असती, तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी माझ्याकडं हात करून मला थांबवलं.

"मी नाव घेतलं, साहेब," ते म्हणाले. "माझं काम तेवढंच व्हतं. त्यांनी न्हाई म्हणलं, तर त्यांचं त्यांच्यापाशी."

साहेबानं ठेकेदाराच्या माणसाला खूण केली. भावजींना त्याच क्षणी नावेवरून कमी केलं. शिफारशीचा प्रश्नच उरला नाही. चंद्रभान जीपकडं चालत गेला. फेटा काढायचं त्याला सुचलंच नव्हतं, आणि बांधलेला तो इतका नीट होता की वाऱ्यानंही हलला नाही. जीपपाशी कुणीतरी काही बोललं, तेव्हा त्यानं तो उतरवला आणि भिंतीच्या कठड्यावर ठेवला.

फेटा सरजाकाकूंनी उचलून आणला. धुतला, वाळवला, आणि त्याची केशरबाईच्या धाकट्याला झोळी केली. "कापड चांगलं हाय," एवढंच म्हणाल्या.

पावसाळा आला. धरण भरलं. कायमच्या पाणबुड्याच्या जागेवर माणूस आला तो चंद्रभान. ज्या क्वार्टरमध्ये केशरबाईनं चुलीचा कोपरा ठरवला होता, त्यातच. आमच्या दारासमोरच्या ओळीत. मला बघितलं की तो नळाचं भांडं अर्धं सोडून आत जायचा. ह्यांनी एकदा त्याला गाठून विचारलं, तर म्हणाला, "माणिकराव, साहेब समोर उभा होता. पूर्ण्याला माझी खाणारी माणसं आहेत. आणि मी बजावलं होतं ना, कुणाला सांगू नको म्हणून? तोंडघशी त्यानं मला पाडलं." घरी येऊन ह्यांनी मला सांगितलं आणि सदरा खुंटीला लावला. मग म्हणाले, "त्यालाही असंच वाटतंय की आपण त्याला दगा दिला."

भाद्रपदात पुरात वाहून आलेलं एक झाड धरणाच्या दाराशी अडकलं. चंद्रभानला खाली जाणं भाग होतं. दोरी धरायला त्यानं कचेरीतली माणसं लावून बघितली. एकानं हिसडा आला तेव्हा विडी पेटवायला दोरी पायाखाली धरली होती म्हणे. चंद्रभान वर आला तो पांढराफटक होऊन. त्याच दिवशी दुपारी तो गावठाणात भावजींच्या दारात उभा राहिला. मी तिथंच केशरबाईसोबत ज्वारी निवडत होते.

"जयभीम," तो आत वाकून म्हणाला.

सरजाकाकूंनी ऐकू न आल्यासारखं केलं.

"लिंबाजी, उद्या दोरी धरशील का? दुसऱ्याच्या हातात मला भरोसा नाही."

भावजी जाळं विणत होते. हात थांबले नाहीत. "धरीन."

केशरबाईनं सूप आपटलं. चंद्रभानचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

"धरीन," भावजी पुन्हा म्हणाले, "पण आधी भिंतीवर या. कचेरी असंल, गावठाण असंल. त्यांच्यासमोर एकदा म्हणा, लिंबाजीला पाणी मी दाखवलं. नोकरी मागत न्हाई. साहेबाला सांगा म्हणत न्हाई. नुसतं म्हणा."

चंद्रभाननं एकदा मागं, गल्लीकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मीच शिकवलं तुला. मला काय ते माहीत नाही? तुझ्याइतकं लवकर कुणी शिकलं नाही माझ्याकडं. आता झालं ना?"

"इथं न्हाई."

"अरे, घरात म्हणालो की तुझ्या. आईसमोर म्हणालो."

भावजींनी पहिल्यांदाच जाळं खाली ठेवलं आणि त्याच्याकडं बघितलं. "घरात जयभीम आन् भाईर नमस्कार. लय दिस ऐकून घेतलं, उस्ताद. आता तसं न्हाई चालायचं."

'उस्ताद' त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. नेहमी म्हणायचे तसंच म्हटलं. चंद्रभाननं उंबऱ्यावरून पाऊल मागं घेतलं. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर आला नाही. झाड काढायला बाहेरून माणसं आणावी लागली. वर्ष फिरायच्या आत तो दुसऱ्या धरणावर बदली मागून गेला. क्वार्टरला कुलूप लागलं. पुढं त्यात एक फिटर राहायला आला, आणि त्याच्या बायकोनं चूल केशरबाईच्याच कोपऱ्यात मांडली. केशरबाई ते बघून आली आणि त्या दिवशी जेवली नाही.

भावजी परत हंडा लावून पाण्याखाली कधी गेले नाहीत. मासे धरतात, जाळी विणतात. आणि लेकरांना पोहायला शिकवतात, गावठाणातल्या आणि वसाहतीतल्याही. पाठीला तोच वाळका भोपळा. पण फेटा घेत नाहीत. एकदा एक ओव्हरसियर हौसेनं जरीचा फेटा घेऊन आले, तर भावजींनी तो त्यांच्याच पोराच्या डोक्यावर ठेवला.

गेल्या मे महिन्यात आमच्या सगुणानं भोपळा सोडला. लांबच्या कुशीतून ती एकटी पोहत आली, काठाला हात लावला, धापा टाकत वर चढली. रीत माहीत असल्यामुळं तिनं नाव घ्यायला तोंड उघडलं. भावजींनी तिला खुणेनं गप्प केलं. स्वतः एका दगडावर चढले. काठावर धुणं धुणाऱ्या बायका होत्या, भिंतीवर कचेरीतली दोन माणसं होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ते ओरडले, "ही माणिकरावांची सगुणा! हिला पाणी मी दाखवलं! मी, लिंबाजी सितारामनं!"

हल्ली ते प्रत्येक लेकराचं असंच करतात. सरजाकाकूंना ही उलटी रीत पसंत नाही. "उस्तादानंच ओरडायचं म्हणजे काय? लाज न्हाई वाटत?" त्या म्हणतात. भावजी ऐकून घेतात.

त्या दिवशी मी सगुणाचं डोकं पुसत होते. ती म्हणाली, "आई, काका खाली का उतरत नाहीत?" मी बघितलं. ओरडून झालं होतं, बायका पुन्हा धुण्याला लागल्या होत्या, आणि भावजी अजून दगडावरच उभे होते, भिंतीकडं तोंड करून. पाण्यावरून आवाज तिथवर जातो, भिंतीला लागतो आणि थोडा उशिरानं परत येतो. ते तो पूर्ण परत येईपर्यंत थांबले. मग उतरले आणि भोपळा काखेत मारून घरी गेले.